कोंडीरामची सायकल

विज्ञानावर ज्याचा विश्वास आहे त्याला भीती शिवू शकत नाही. सत्यशीला ओव्हाळ हे वाक्य दर वर्षी अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, सातवीच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहीत. एक मार्चला फळा पुसला जाई आणि वर्ग शाळेमागच्या चिंचेवरच्या बाईविषयी पुन्हा कुजबुजायला मोकळा होई. एकोणीस वर्षं हा क्रम बिनबोभाट चालला. विसाव्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, सत्यशीलाबाईंना स्वतःच्याच सायकलची भीती वाटू लागली.

बरं, ती सायकल कुणी त्यांच्या गळ्यात मारलेली नव्हती. तुकडा तुकडा जमवून त्यांनीच ती उभी केली होती. त्यामुळे तक्रार करायची तर कुणाकडे, हाही प्रश्न होता.

त्याचं असं झालं. बाईंचे वडील छप्पन साली एका कारखान्यात फिटर होते. दसऱ्याला नागपूरला जायचं, दीक्षा घ्यायची, म्हणून त्यांनी नवा सदरा शिवला. रजा मिळाली नाही. नागपूरची बातमी त्यांनी दोन दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, दुसऱ्याच्या पेपरात वाचली. पुढे त्यांनी पुण्यातच दीक्षा घेतली, मुलीचं नाव सत्यशीला ठेवलं, तिला बी.एस्सी. केलं. सगळं झालं, पण नागपूरचा विषय निघाला की ते उठून पाणी प्यायला जात. ते वारले तेव्हा सदरा ट्रंकेत तसाच होता. बाईंनी तेव्हाच ठरवलं होतं की पन्नासाव्या वर्षी विजयादशमीला आपण नागपुरात असायचं, आणि कुणाच्या मेहेरबानीने नाही, स्वतःच्या पायांनी पोचायचं. पायी जमण्यासारखं नव्हतं. उरली सायकल.

रजेचा अर्ज त्यांनी एप्रिलमध्येच दिला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "रजा देते. परत आल्यावर पाय दुखतात म्हणून दुसरी मिळणार नाही." सातवीच्या वर्गाला बाईंनी फळ्यावर नकाशा काढून दाखवला. सातशेवर किलोमीटर, अकरा दिवस, गुरुवार एकवीस सप्टेंबरला पहाटे प्रस्थान. अठ्ठेचाळीस मुलांनी तारीख वहीत लिहून घेतली. बाईंची कुठलीही गोष्ट मुलांनी न सांगता वहीत लिहून घेण्याची ही पहिली वेळ. आता माघार नव्हती.

मुलगी पूर्वा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. ती म्हणाली, "आई, सिरियसली? ट्रेन आहे, बस आहे, आता तर फ्लाइटपण आहे."

"तुझे आजोबा रजा मिळाली असती तर चालतसुद्धा गेले असते."

"हो, पण त्यांच्याकडे ऑप्शन नव्हता ना."

"माझ्याकडे आहे. हा घेतला."

नवरा अभय विमा कंपनीत, दाव्यांच्या टेबलावर. त्याने फक्त माहिती पुरवली. "हायवेवर ट्रक, खड्डे आणि कुत्री. दावे या क्रमाने येतात."

लांबच्या प्रवासाची तयार सायकल कॅम्पातल्या एका दुकानात काचेमागे उभी होती, परदेशी, आणि तिच्या किमतीत स्कूटर आली असती. बिबवेवाडीच्या फ्लॅटचा हप्ता चालू होता. म्हणून बाईंनी आलेखाच्या कागदावर स्वतःच सायकल काढली. लांब फ्रेम, जाड तारांची चाकं, पुढेमागे कॅरिअर, मागे सहा गिअर. गिअर आणि टायर नवे घ्यायचे, बाकी सगळं जुनं मिळेल तसं. महापालिकेची शाळा सकाळची, दुपार आपली. जोडकामाला शनिवार पेठेतले तात्याराव. तात्यारावांच्या दुकानात एका वेळी एक सायकल आणि एक मत मावत असे. मत तात्यारावांचं असे.

फ्रेम जूनमध्ये एका रविवारी जुन्या बाजारात मिळाली. घरी आणून बाई गॅलरीत पॉलिश पेपर घेऊन बसल्या. निळ्या रंगाखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली काळा, आणि काळ्याखाली एक माणूस निघाला.

कोंडीराम.

लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यांवर घालतात तसं, टिंबाटिंबांनी ठोकलेलं नाव. 'को'च्या मात्रेवर एक टिंब जास्तीचं पडलेलं. आडनाव नाही, गाव नाही, साल नाही.

"बिचारा," बाई म्हणाल्या.

बिचारा का, हे त्यांना सांगता आलं नसतं. पण नाव आहे आणि माणूस नाही, म्हणजे माणूस मेलेला, असा निकाल त्यांच्या मनाने परस्पर लावून टाकला आणि त्यांना कळवलंही नाही.

फ्रेम तात्यारावांकडे नेली. त्यांनी ती उलटसुलट केली, नावावरून अंगठा फिरवला, अंगठा तिथेच जरा थांबला. मग त्यांनी तो पँटला पुसला.

"बरी आहे," ते म्हणाले. एवढंच.

मागचं चाक पूर्वाने शोधलं. तिची कंपनीची बस जिथे थांबे तिथे काचेच्या दोन इमारतींच्या मधोमध एक गोठा उरला होता. गोठा सर्जेरावांचा. भोवतीची जमीन आयटी पार्कात गेली, सर्जेरावांकडे मोठी गाडी आली, गोठा तेवढा मोडायचा राहिला. बाई गेल्या तेव्हा ते स्वतः कुलूप काढायला आले.

"या की बाई. सायकल हाय, पर सबंध न्हाई. मागलं चाक हाय निस्तं. बाकीची कुटं गेली, म्हाईत न्हाई."

"कधीपासून आहे इथे?"

"जमीन इकायच्या आदीपास्नं. हितंच भिताडाला टांगल्यालं. म्हस त्याच्याकडं त्वांड करून कंदी बसली न्हाई."

"का?"

"आता म्हशीला कोन इचारनार?"

बाईंनी पिशवीतलं फडकं काढून चाकाच्या मधला तुंबा पुसला. वंगणाचा काळा थर निघाला आणि खाली टिंबं दिसू लागली. कोंडीराम. मात्रेवर एक टिंब जास्त.

गोठ्यात कुणीच नव्हतं, म्हशी विकून चार वर्षं झाली होती, तरी बाईंना आपल्या मानेवर कुणीतरी श्वास सोडल्यासारखं वाटलं.

"योगायोग," त्या मोठ्याने म्हणाल्या.

"काय म्हनला?"

"काही नाही. याचं काय द्यायचं?"

"न्या तसंच," सर्जेराव म्हणाले आणि चाकाला हात न लावता बाजूला झाले. "घरात नगंच हाय ते."

तिसरा भाग शोधायला जावंच लागलं नाही. बाईंच्याच सोसायटीत तळमजल्यावरच्या गॅलरीत एक लोखंडी कॅरिअर उभं असे. कित्येक वर्षं त्यावर कारल्याचा वेल चढलेला होता. जुलैत त्या घराने गॅलरीला ग्रिल बसवलं आणि वेलासकट कॅरिअर फाटकाशी आणून टाकलं. बाई शाळेतून येत होत्या. सरळ पुढे जाता आलं असतं. त्यांनी वाकून ते पालथं केलं. वाळक्या वेलाच्या विळख्याखाली तीच टिंबांची ओळ होती.

सायकलचे तुकडे पुण्याच्या चार टोकांना पसरले आहेत आणि ते एकमेकांकडे येताहेत. आपण त्यांना गोळा करत नाही, ते आपल्याला हमालासारखं वापरताहेत. हा विचार बाईंच्या मनात आला आणि त्यांनी तो विद्यार्थ्याला बसवावं तसा खाली बसवला. पण तो विद्यार्थी बसल्या जागेवरून बोलतच राहिला.

त्या दिवसानंतर बाई हातात घेतलेली प्रत्येक वस्तू आधी उलटी करून बघू लागल्या. पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा घ्यायचा होता. तात्यारावांनी दोन काढून समोर ठेवले. बाईंनी पहिला उलटा केला, पुसला, उजेडाकडे धरला आणि खाली ठेवला. दुसरा उलटा केला आणि हातात धरून राहिल्या.

"हा."

"तो डावीकडे वाकलाय," तात्याराव म्हणाले. "पहिला सरळ आहे. जवळजवळ नवा."

"असू दे. हाच द्या."

"बाई, चिमटा बघताय की सोयरीक?"

बाई हसल्या नाहीत. नाव नसलेला चिमटा लावला तर काय होईल हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणूनच तो लावायचा नव्हता. इतकं सगळं त्याचं आलंय तर उरलेलंही त्याचंच असू दे. उगाच मधे परक्याचं काही घालून डिवचा कशाला. बी.एस्सी. झालेल्या, तोंडात जळता कापूर धरून शाळाशाळांतून बुवाबाजी उघडी पाडणाऱ्या बाईंचा हा युक्तिवाद होता आणि त्या क्षणी त्यात त्यांना काही खोट दिसत नव्हती. हँडलच्या वेळीही तेच झालं. मडगार्डच्या वेळीही. रविवारी जुन्या बाजारात पायडलचे दोन चांगले क्रँक त्यांनी नाव नाही म्हणून परत ठेवले आणि तिसरा, दात झिजलेला, कडेवरच्या पोरासारखा घरी आणला.

सायकल ऑगस्टच्या अखेरीस उभी राहिली. बाई ती न्यायला गेल्या तेव्हा तात्यारावांनी खणातून एक घंटी काढली आणि न विचारता हँडलला आवळली.

"ही कितीला?"

"काही नको. हिचीच आहे ती."

हिची म्हणजे कुणाची, हे विचारायला हवं होतं. पण विचारावं तर उत्तर मिळेल, या धास्तीने बाईंनी सायकल दुकानाबाहेर काढली. रस्त्यात त्यांनी घंटीचं टोपण फिरवून आत बघितलं. तिथेही तो होताच. घंटी वाजवली तर इतर घंट्यांसारखी किणकिणली नाही. घशात कफ अडकलेल्या माणसाने खाकरावं तशी वाजली.

सायकल गॅलरीत स्टँडवर लावली. त्या आठवड्यातली एक दुपार. अभय ऑफिसात, पूर्वा कंपनीत, बाई आतल्या खोलीत चाचणीचे पेपर तपासत होत्या. सोसायटी जेवून आडवी झालेली. कुकरची शिटी नाही, टीव्ही नाही, जिन्यात पाऊल नाही. आणि गॅलरीतून टिक टिक टिक टिक असा आवाज सुरू झाला. रिकामं मागचं चाक फिरताना करतं तसा.

बाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. मागचं चाक फिरत होतं. वाळत घातलेला टॉवेल हलत नव्हता, कुंडीतल्या तुकतुकीत पानाचं टोकही हलत नव्हतं. व्हॉल्व्हच्या बाजूला वजन जास्त असतं, त्यामुळे टांगतं चाक आपोआप थोडं फिरतं, हे त्यांना माहीत होतं. ते अर्धा फेरा खाली येतं, दोनदा झुलतं आणि थांबतं, हेही माहीत होतं. त्यांनी फेरे मोजले. सव्वीसपर्यंत मोजले आणि मग मोजणं सोडलं, कारण सत्ताविसाव्याला चाक थांबलं असतं तर ते आपण मोजतोय म्हणून थांबलं असं वाटलं असतं.

त्या आत आल्या, दार लावलं, आणि पेपरांवर गुण देऊ लागल्या. त्या गठ्ठ्यात कुणीच नापास झालं नाही.

सायकलची सवय व्हायला हवी म्हणून रोज दुपारी त्या बिबवेवाडीहून निघून पेठांतून फेरी मारू लागल्या. पहिल्याच दिवशी शनिवार पेठेत एका कट्ट्यावर तीन म्हातारे बसले होते. समोर मांजर आडवं आलं म्हणून बाईंनी घंटी वाजवली. तिन्ही म्हाताऱ्यांनी एकदम बोलणं थांबवलं, सायकलकडे पाहिलं, आणि तिघांनी आपापल्या डाव्या मनगटाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या दुकानाबाहेर एक टोपीवाले गृहस्थ. घंटी वाजली, मान वळली, नजर मनगटावर. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून कुणीतरी कठड्यावर वाकून पाहिलं आणि मनगट डोळ्यांजवळ नेलं. सगळे साठीच्या पुढचे. तरुण माणसं बघत नव्हती, त्यांना घंटी ऐकूच येत नसावी, कानांत वायर होत्या. चौथ्या दिवशी तर एका म्हाताऱ्याच्या हातात घड्याळच नव्हतं. तरी त्याने उघड्या, सुरकुतलेल्या मनगटाकडे नीट बघितलं, चेहरा कसनुसा केला आणि लगबगीने घरात निघून गेला.

आपली वेळ किती राहिली आहे हे ती माणसं बघताहेत, असं बाईंना वाटलं. कुणाची वेळ, हे वाटायच्या आत त्यांनी पायडल मारलं.

त्यात सायकल डावीकडे ओढू लागली. मोठ्या रस्त्यावर ती धरून ठेवता येई. पण शनिवार पेठेत तात्यारावांच्या दुकानावरून पुढे आलं की एक अरुंद बोळ लागे, आणि तिथे हँडल हातातून सुटल्यासारखं डावीकडे वळे. तीन दिवस लागोपाठ. चौथ्या दिवशी बाईंनी मुद्दाम हात ढिले सोडले. सायकल संथपणे बोळात शिरली आणि पंधरा-वीस पावलं जाऊन एका बंद दारापाशी रेंगाळली. बाईंनी उतरून ती उचलूनच फिरवली आणि घरी येईपर्यंत मागे पाहिलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी सायकल भिंतीकडे तोंड करून लावली आणि वर चादर टाकली.

"झाकून का ठेवलीस?" संध्याकाळी अभयने विचारलं.

"धूळ बसते."

"सातशे किलोमीटर काय गालिच्यावरून जाणार आहे?"

बाई भांडी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, समजा मी रेल्वेने गेले तर?"

अभयने पेपर खाली घेतला. "तू?"

त्या एका अक्षरात संसाराची तेवीस वर्षं होती. बाईंना ती सगळी ऐकू आली.

"गुडघा दुखतोय जरा."

"कुठला?"

बाईंना पटकन ठरवता आलं नाही. अभयने पेपर पुन्हा वर घेतला आणि त्यामागून म्हणाला, "तिकीट बघतो. वेटिंग असेल. वर्गाला काय सांगणार?"

तोच तर प्रश्न होता. वडिलांना रजा मिळाली नव्हती, त्यांना कारण तरी होतं. आपल्याला रजा आहे, सायकल आहे, पायांत बळ आहे, आणि आपण जाणार नाही, कारण लोखंडावर एक नाव आहे. हे अठ्ठेचाळीस मुलांना सांगायचं, की गुडघ्याचं खोटं सांगायचं? आणि पुढच्या अठ्ठावीस फेब्रुवारीला फळ्यावर काय लिहायचं? रात्रभर विचार करून त्यांनी ठरवलं, की सायकल ज्याची त्याला परत द्यायची. त्या दारापाशी ठेवायची आणि निघून यायचं. खोटं आपण नंतर बोलू. आधी हे घरातून जाऊ दे.

मंगळवारी, एकोणीस सप्टेंबरला, शाळेतून आल्यावर त्या जेवल्याही नाहीत. कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून वाटेत अर्धा डझन केळी घेतली. मेलेल्या माणसाकडे जाताना केळी कशाला, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. केळेवाल्याने विचारलं नाही, तेवढाच आधार.

बोळात ऊन नव्हतं. उन्हाची तिथे शिरायची इच्छा दिसत नव्हती. त्या दिवशी बंद असलेलं दार काचेचं होतं, हे आज कळलं. आतून पांढरा पडदा, वर पाटी, 'स्पोकन इंग्लिश व कॉल सेंटर ट्रेनिंग'. बाहेर चपलांचा खच, आणि माणूस एक नाही. बाईंनी सायकल दाराशी आणली. दारासमोर दगडी फरशीची एक पट्टी होती. त्या दगडाला एक बोटभर खोल, गुळगुळीत खाच पडलेली होती, हजारदा काहीतरी एकाच जागी टेकल्यासारखी. बाईंनी पुढचं चाक हळूच तिच्यात सोडलं.

चाक बसलं. म्यानात तलवार बसावी तसं, कुठेही न घासता. आणि त्याच क्षणी पडद्यामागून तीस-चाळीस आवाज एका सुरात उठले.

"मे आय हॅव युअर नेम प्लीज?"

बाईंनी सायकल गच्च धरली. हात हँडलवर, बोट घंटीवर, घंटी आपसूक दाबली गेली आणि खाकरली. आतले आवाज पुन्हा उठले, तेच वाक्य, तोच सूर. बाईंचे ओठ हलले. त्या खरोखर नाव सांगणार होत्या. स्वतःचं की त्याचं, ते त्यांना नंतरही ठरवता आलं नाही.

"तिथे लावू नका. क्लासवाले ओरडतात."

बाजूच्या लाकडी जिन्यावर एक म्हातारी उभी होती. हिरवं नऊवारी, हातात निवडायच्या गवारीची परडी.

"आणि घंटी एकदाच वाजवायची असते," म्हातारी म्हणाली. "आम्ही बहिरे नाही."

बाईंनी घंटीवरचं बोट काढलं. "आपण?"

"वेणूबाई. तुम्ही आमच्या दारात आहात, तुम्ही कोण?"

"सत्यशीला ओव्हाळ. ही तुमची सायकल परत करायला आले आहे."

वेणूबाई दोन पायऱ्या उतरल्या. सायकलकडे त्यांनी आजारी नातेवाइकाकडे बघावं तसं बघितलं. "परत घेत नाही. धंदा बंद होऊन पंधरा वर्षं झाली."

"कसला धंदा?"

"भाड्याच्या सायकली. तासावर. दुसरा कसला?"

"हिच्यावर नाव आहे. कोंडीराम."

"असणारच. सगळ्यांवर आहे. एकशे चाळीस सायकली होत्या."

बोळात बाईंना पहिल्यांदाच गवारीचा वास आला. "पण प्रत्येक भागावर?"

"प्रत्येक. अकरा ठिकाणी. लोक तासावर सायकल न्यायचे, कोपऱ्यावर जाऊन आमचं चांगलं पायडल काढायचे, आपलं गंजकं लावून परत आणायचे. सभ्य माणसं बरं. वकीलसुद्धा. मग यांनी नावाचा छापा मारायला सुरुवात केली. एकच ठसा करून घेतला होता, त्याचं एक टिंब जास्त. दुसरा करायचा म्हणजे पुन्हा खर्च. घंटीत वॉशर घातला, म्हणजे चोरली तरी आवाजावरून कळावी. अजून आमच्या घंटीचा आवाज ऐकला की इथले म्हातारे घड्याळ बघतात. तास भरला की काय म्हणून."

"आणि सायकल डावीकडे ओढते ती?"

"सगळ्याच ओढायच्या. बोळ हा एवढासा. डावीकडे रेलून एकीवर एक लावायचे, चिमटे वाकायचे. स्कूटरी आल्या, मग सगळं वजनावर घातलं. काही जुन्या बाजारात गेल्या, काही गावाकडची माणसं घेऊन गेली. तुम्हांला तात्याने सांगितलं नाही? आमच्याकडेच होता तो, छापे त्यानेच मारले."

"मी विचारलं नाही."

"मग तो सांगणार नाही. न विचारता सांगायला तो काय शेजारी आहे?"

बाईंनी खाली बघितलं. त्या फरशीवर खाच एक नव्हती. दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खाचाच खाचा होत्या, चपलांखाली झाकलेल्या. एकशे चाळीस गुणिले अकरा त्यांनी मनात केलं. दीड हजारावर कोंडीराम पुण्यात पसरलेले होते. ते गाठ पडायला नव्हे, चुकवायला प्रयत्न लागला असता. आणि नाव नाही म्हणून आपण परत ठेवलेले भाग किती, हे आपण कधी मोजलंच नाही. वर्गात कुणी असा प्रयोग लिहून आणला असता तर त्यांनी त्याला वही घेऊन बाहेर उभं केलं असतं.

"आणि चाक?" त्यांनी तरी विचारलं. "भर दुपारी, वारा नसताना, आपलं आपण फिरतं."

वेणूबाईंनी गवारीची शीर काढली. "ते मला माहीत नाही. आमच्याकडे असेपर्यंत पैसे दिल्याशिवाय फिरलं नाही."

पडद्यामागे आता आभार मानण्याचा सराव चालला होता. बाईंनी पुढचं चाक खाचेतून उचललं. उद्या दुपारी तात्यारावांकडून सरळ चिमटा बसवून घ्यायचा, तो बिननावाचा, आणि क्रँकही बदलायचा. अभयला फोन करायचा, तिकीट काढलं असेल तर रद्द करा. परवा पहाटे निघायचं. नगरपर्यंत ट्रक फार आहेत, त्यामुळे पाचच्या आत नदीवरचा पूल ओलांडायला हवा. डोक्यात इतक्या साध्या, इतक्या कोरड्या गोष्टी कित्येक आठवड्यांत आल्या नव्हत्या. त्यांना वडिलांचा सदरा आठवला. तो बरोबर घ्यायचा, मागच्या कॅरिअरवर, प्लास्टिकच्या पिशवीत.

निघताना त्यांना हातातली केळी दिसली. त्यांनी ती वेणूबाईंपुढे धरली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "एवढी घ्या. त्यांच्या फोटोपुढे ठेवा."

"कुणाच्या?"

"कोंडीरामजींच्या."

वेणूबाईंनी केळ्यांकडे बघितलं, मग बाईंकडे.

"वर झोपलेत ते. चारला उठतील," त्या म्हणाल्या. "केळी नकोत. साखर आहे त्यांना."